जहाजांचा घसारा: नुसता कागदी खर्च नव्हे

आदिलाबादपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण डीमॅट खातं इथल्या मराठी घरांतही आहे, आणि शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियासारख्या कंपनीचे निकाल लागले की एक सल्ला हमखास ऐकू येतो: ‘घसारा सोडून बघा, तो काय कागदी खर्च.’ जहाजांच्या धंद्यात हा सल्ला महागात पडतो.

घसाऱ्यापोटी त्या वर्षी रोकड बाहेर जात नाही, एवढं खरं. कारण ती आधीच गेलेली असते. समजा, एक बल्क कॅरियर 300 कोटींना पडलं. कंपनी कायदा 2013च्या दुसऱ्या अनुसूचीत अशा जहाजाचं उपयुक्त आयुष्य 25 वर्षं धरलं आहे. भंगाराचे 15 कोटी वजा जाता उरलेले 285 कोटी 25 वर्षांवर वाटायचे, म्हणजे वर्षाला 11.40 कोटी. कच्च्या तेलाच्या टँकरला मात्र 20च वर्षं. तेवढ्याच किमतीवर वर्षाला 14.25 कोटी. म्हणून टँकर विभागाचा घसारा जास्त दिसला की तो विभाग उधळा, असं ठरवू नये.

जहाज नांगरून ठेवलं की घसारा थांबतो, हाही एक समज. आमच्या जिनिंगवाल्यांना हे सांगावं लागत नाही: कापसाचा हंगाम सरला की जिन बंद, पण यंत्राचा घसारा बारा महिने चालूच. जहाज विक्रीला काढून हिशेबात तसं वेगळं दाखवलं, तरच तो थांबतो.

वहीतली किंमत म्हणजे बाजारभाव, असंही काही जण धरून चालतात. सुक्या मालाच्या भाड्याचा बाल्टिक निर्देशांक 20 मे 2008ला 11,793 होता, 5 डिसेंबरला 663. जहाजांचे भावही त्या वर्षी गडगडले. घसारा अशा वेळी आपल्या ठरल्या हप्त्यानेच चालतो. किंमत खरोखर बुडाली असेल तर तो फटका इम्पेअरमेंट म्हणून वेगळा दाखवतात.

जुनं जहाज घेतलं तर मोजणी खरेदीपासून नव्याने 25 वर्षं होत नाही, उरलेलं आयुष्यच धरावं लागतं. वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ 5 एप्रिल 1919ला मुंबईहून लंडनला निघालं. त्या स्मरणार्थ आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. कंपनीने घेतलं तेव्हाच ते जहाज जुनं, 1891चं होतं. 1923मध्ये ते मोडीत निघालं.

आता ड्रायडॉक. जहाज ठरावीक मुदतीने गोदीत घेऊन तळ खरवडणं, रंगवणं, पोलादी पत्रे बदलणं भाग असतं. हा मोठा खर्च त्याच वर्षीच्या नफ्यातून सगळा वजा होतो, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात तो पुढच्या ड्रायडॉकपर्यंतच्या काळावर वाटला जातो आणि घसाऱ्यातच मिसळतो. निकालात घसाऱ्यासोबत लिहिलेलं अमॉर्टायझेशन बहुधा सॉफ्टवेअरसारख्या अमूर्त मालमत्तेचं असतं, आणि जहाज कंपनीत ते त्या मानाने किरकोळ.

घसारा फुगवला की कर वाचतो? 2004पासून लागू झालेला टनेज टॅक्स निवडलेल्या कंपनीला नाही. तिथे जहाजाच्या निव्वळ टनेजवरून उत्पन्न ठरतं. तोट्याच्या वर्षीही कर चुकत नाही.

विभागाचा घसारा एकदम उतरला आणि नफा वाढला, तर टाळी वाजवण्याआधी ताफ्याची यादी उघडा. जहाजं विकली गेली असतील, नाहीतर म्हातारी होऊन त्यांची किंमत वहीतून जवळजवळ वसूल झाली असेल. अशा ताफ्याचा नफा छान दिसतो, पण नव्या जहाजांसाठी पैसा बाजूला पडलाय, असा त्याचा अर्थ होत नाही. तो पैसा रोख शिलकीच्या आणि कर्जाच्या ओळीत शोधावा लागतो.