घोडीने खाल्लेले कुंपण

पवनेच्या काठावरील रहाटणीपासून इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत पसरलेला पट्टा आज गृहसंकुलांसाठी आणि वाहनांच्या कारखान्यांसाठी ओळखला जात असला, तरी या पट्ट्यात आणि त्याच्या कडेच्या गावांत घोडा पाळण्याची हौस अद्याप संपलेली नाही. बैलगाडा शर्यतीत चार बैलांच्या पुढे पळणारी घोडी, लग्नाच्या वरातीसाठी सजवली जाणारी घोडी आणि निव्वळ दारात शोभावी म्हणून पाळलेली घोडी असे तिचे येथे साधारण तीन प्रकारचे जिणे असते. १९७२ पासून आकुर्डीत तयार होऊ लागलेल्या स्कूटरला राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिळाल्यामुळे या परिसरात ‘चेतक’ म्हटल्यावर कित्येकांना आधी किक मारण्याची आठवण होते, हा भाग वेगळा. घोडी पाळणारी माणसे एकत्र आली की चंदी, नाल आणि चाल यांच्यानंतर चर्चा हमखास कुंपणाकडे वळते, आणि तेथे पोहोचताच तिचे रूपांतर थट्टामस्करीत होते. ही थट्टा वरवर पाहता पोरकट वाटते. परंतु दख्खनमध्ये घोडा आणि कुंपण यांचे नाते मुळात कसे होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिच्यातील खोच कळत नाही.

युरोपात घोडा कुंपणाच्या आत सोडला जातो, तर दख्खनमध्ये तो बांधला जातो. ‘ठाण’ म्हणजे घोडा बांधण्याची ठरलेली जागा. तेथे त्याच्या मानेकडून दोन बाजूंच्या खुंट्यांना जाणाऱ्या दोऱ्यांना अगाडी आणि मागच्या पायांना बांधून मागे खेचलेल्या दोऱ्यांना पिछाडी म्हणतात. त्याचा दाणा, म्हणजे चंदी, तोंडाला अडकवलेल्या तोबऱ्यातून दिला जातो आणि अंगाला दररोज खरारा केला जातो. ज्या लष्कराचा मुक्काम सतत हलत होता त्याला गाडून बसवलेले कुंपण निरुपयोगी आणि गुंडाळून नेता येणारी दोरी सोयीची होती, हे उघड आहे. भीमेच्या खोऱ्यातील बुटक्या, काटक आणि थोड्या चाऱ्यावर भागवणाऱ्या ज्या भीमथडी घोड्यांवर मराठ्यांच्या फौजा फिरल्या, आणि ज्यांची कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेने आता स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे, त्यांनाही रोखणारी वस्तू दोरीच होती.

कुंपण होते ते शेताला, आणि ते जनावराला आत ठेवण्यासाठी नसून बाहेर ठेवण्यासाठी होते. बाभळीच्या फांद्या रचून केलेली काटेरी वई, निवडुंगाची रांग, दुधाळ चिकाचा शेर, टोकदार पानांचे घायपात, अंगावरचे कपडे ओढून धरणारी चिलार आणि तोंडाला कडू लागल्यामुळे गुरे सहसा न खाणारा अडुळसा, अशी ही झाडोऱ्याची कुंपणे प्रत्येक गावाच्या माळावर दिसत. साहजिकच कुंपणाच्या प्रकरणात शेतकरी हा कायमचा फिर्यादी आणि घोडीवाला हा कायमचा आरोपी ठरला. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये चिपळूणच्या छावणीतील लष्कराला लिहिलेल्या पत्रात दाणा आणि गवत बेताने वापरण्याची ताकीद आहे, कारण साठा आधीच उधळला गेला तर पुढे घोडे उपाशी मरतील आणि शिपाई रयतेला उपद्रव देऊ लागतील, ही धास्ती त्यामागे आहे. घोड्याची भूक आणि दुसऱ्याचे शेत यांच्यातील अंतर किती थोडे असते, हे त्या पत्राइतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी मांडले असेल.

इंग्रजी अमलात या तंट्याला कायद्याचे रूप मिळाले. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने पीक खाणारे जनावर पकडून कोंडवाड्यात, म्हणजे भटक्या गुरांच्या सरकारी बंदिखान्यात, नेण्याचा अधिकार शेतकऱ्याला दिला आणि दंड व खुराकीचा खर्च भरल्यावरच ते सोडवून नेण्याची व्यवस्था केली. या कायद्यातील ‘गुरे’ या संज्ञेची व्याख्या इतकी मोकळ्या हाताने केलेली आहे की तिच्यात हत्ती आणि उंटांपासून घोडे, घोड्या, तट्टे, शिंगरे, खेचरे, गाढवे, डुकरे आणि बकऱ्यांपर्यंत सर्वांची सोय होते. कोंडवाड्याच्या दारात हत्तीची पावती फाडणाऱ्या कारकुनाची कल्पना कायदा लिहिणाऱ्याच्या मनात आली होती की नाही कोण जाणे, परंतु घोडी सोडवायला गेलेल्या मालकाला डुकरे आणि गाढवे यांच्याच रांगेत उभे राहावे लागे, आणि घोडीवाल्याच्या अभिमानाला दंडापेक्षा ही रांग अधिक झोंबणारी असणार.

घोडीवाल्यांच्या विनोदाचा उगम या आरोपीपणात आहे. त्याची पहिली तऱ्हा म्हणजे गुन्हा नाकारायचा नाही, फक्त त्याला सेवेचे रूप द्यायचे. “आप्पा, तुमची घोडी काल आमच्या मक्यात होती,” असे कोणी म्हटले, तर “मक्यात नव्हती नाना, कुंपण तपासत होती, दोन जागी ढिलं निघालंय, तेच सांगायला आलो,” हे उत्तर या तऱ्हेत बसते, आणि नाना कसलेले असतील तर “मग तपासणीची फी किती कणसं झाली?” असे विचारून व्यवहार पुरा करतात. येथे नुकसान मान्य झाले आहे, भरपाईचा विषय निघाला आहे आणि तरीही आवाज चढलेला नाही. एरवी याच तीन गोष्टींसाठी तलाठी, पंच आणि बरेचदा वकील लागतो.

दुसऱ्या तऱ्हेत प्रचलित म्हणी उलट्या फिरवल्या जातात. रक्षकानेच भक्षक व्हावे, या अर्थाने कुंपणानेच शेत खाल्ल्याची म्हण सर्वश्रुत आहे. घोडीवाल्याची तक्रार मात्र अशी असते की त्याच्याकडे घोडीनेच कुंपण खाल्ले. ही अतिशयोक्ती नव्हे. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि मोकळा सोडल्यास तो दिवसरात्र मिळून सोळा तासांच्या आसपास थोडे थोडे चरत राहतो. ठाणावर बांधून दोन वेळा चंदी दिली की त्याचे पोट भरते, पण दातांचे काम अपुरे राहते, आणि मग चाऱ्यातील तंतूंच्या अभावी किंवा केवळ कंटाळ्यापोटी तो लाकडी खांब, गव्हाणीची कड, दाराची चौकट असे जे समोर येईल ते कुरतडू लागतो. काही घोडे खांबाला वरचे दात टेकवून घशात हवा ओढण्याची सवय लावून घेतात आणि ती सहजासहजी सुटत नाही. अशा मालकाला शेजारी जेव्हा “यंदा कुंपण कितीला पडलं?” असे विचारतात, तेव्हा प्रश्न बांधकामाचा नसून वैरणीचा असतो.

कुंपणापलीकडे मान घालण्याच्या सवयीचेही असेच कारण आहे. घोडा जेथे लीद टाकतो तेथील गवत खाण्याचे टाळतो, त्यामुळे लहान आवारात ठेवलेल्या घोडीचा चरण्याचा भाग पार खरवडला जातो आणि उरलेल्या भागात गवत गुडघ्याएवढे वाढूनही तिच्या उपयोगाचे राहत नाही. शेजाऱ्याकडच्या हिरवळीत तिने लीद टाकलेली नसते, एवढाच त्या हिरवळीचा मोठेपणा.

समाजशास्त्राच्या अंगाने पाहिल्यास या थट्टेला एक जुने स्पष्टीकरण उपलब्ध आहे. ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला, आणि ज्या दोन पक्षांना एकमेकांना धरून राहणे भाग असते परंतु ज्यांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध जातात, त्यांच्यात चेष्टेची परवानगी रूढ होते आणि तिचा राग धरायचा नाही असा दंडक पाळला जातो, असे त्याने दाखवून दिले. मेहुणे, दीर-भावजय, व्याही यांच्यातील थट्टा मराठी वाचकाला सांगायला नको. बांधाला बांध लागून असलेले शेजारी महाराष्ट्रात बहुधा भाऊबंदच असतात, कारण वाटण्या होत होत एकाच आजोबांचे शेत चार नातवांत विभागलेले असते. अशा ठिकाणी बांध कोरल्याचा आरोप उघडपणे केला तर तो दोन पिढ्या पुरतो, आणि तोच घोडीच्या नावावर केला तर चहावर मिटतो. रॅडक्लिफ-ब्राउनच्या सिद्धान्तावर पुढे बरीच टीका झाली, तरी बांधावरच्या बोलण्यापुरता तो चपखल बसतो.

इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये हाच विनोद वेगळ्या बाजूने चालतो. तेथे सामाईक कुरणे खासगी मालकीची होत गेली तशी शेतांच्या कडेने झुडपांची दाट कुंपणे वाढली, आणि शिकारीच्या निमित्ताने ती घोड्यावरून उडी मारून ओलांडणे ही मर्दुमकी ठरली. १७५२ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोन स्वारांनी एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत वाटेतील कुंपणे आणि ओढे पार करत जाण्याची पैज लावल्याची हकिकत प्रसिद्ध आहे, आणि अडथळ्यांच्या शर्यतीचे इंग्रजी नाव त्या मनोऱ्यांवरूनच पडले. १८३९ मध्ये लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री येथील शर्यतीत कॅप्टन मार्टिन बेचर कुंपणापलीकडच्या ओढ्यात पडले, आणि व्हिस्कीवाचून पाणी किती बेचव लागते हे तेथे कळले, अशा अर्थाचे काही ते बोलल्याचे सांगितले जाते. त्या अडथळ्याला आजही त्यांचेच नाव आहे. तिकडे हसू होते ते कुंपणावरून पडलेल्या स्वाराचे आणि इकडे होते ते कुंपणातून सुटलेल्या घोडीच्या मालकाचे, हा फरक एकदा लक्षात आला की मराठी घोडीवाल्यांच्या गप्पांत उडीचा उल्लेख इतका कमी का, याचे नवल वाटत नाही.

चाकण पट्ट्यातील आजची थट्टा मात्र जुन्या साच्यात पूर्णपणे बसत नाही, कारण मधल्या काळात कुंपणाची बाजूच बदलली. जमिनीचे भूखंड झाले, वईच्या जागी पत्रे उभे राहिले, पत्र्यांच्या जागी भिंती आल्या, आणि घोडी ज्या पाणंदीने, म्हणजे शेतांमधल्या सामाईक गाडीवाटेने, माळावर जात असे ती वाट बऱ्याच ठिकाणी डांबरी रस्त्यात विरून गेली. पूर्वी घोडीपासून शेत वाचवावे लागे, आता रहदारीपासून घोडी वाचवावी लागते. त्यामुळे घोडीवाला प्रथमच स्वतः कुंपण घालणाऱ्याच्या जागी आला आहे. “भिंत घोडीसाठी बांधली का बिल्डरसाठी?” या प्रश्नाला “घोडी निदान ओळखीची आहे,” असे उत्तर मिळते, तेव्हा त्यात आरोपीचा नव्हे तर फिर्यादीचा सूर ऐकू येतो.

शहराने लावलेल्या हिरव्या कुंपणात आणखी एक धोका दडलेला आहे. महामार्गांच्या दुभाजकांत आणि संकुलांच्या कडेने जी कण्हेर लावली जाते ती धूळ आणि ऊन सोसते आणि जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणूनच ती निवडली जाते. परंतु तिच्या पानांतील विष हृदयाची गती बिघडवणारे असून छाटणी करून टाकलेली, वाळलेली थोडी पानेही वैरणीत मिसळली तर घोड्याच्या जिवावर बेततात. घाणेरी आणि एरंड यांच्याबाबतही सावधगिरी लागते. या एका विषयावर घोडीवाले विनोद करत नाहीत.

काटेरी तारेची गोष्ट तशीच आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील शेतकरी जोसेफ ग्लिडन याने १८७४ मध्ये पेटंट घेतलेली ही तार तेथील मोकळ्या माळांवरील गुरांना रोखण्यासाठी पसरली. बैल तारेत अडकला तर बहुधा थांबतो. घोडा मात्र पळून जीव वाचवणारा प्राणी असल्याने अडकताच झटके देतो, आणि त्याच्या गुडघ्याखाली स्नायूंचे मांस नसून केवळ कातडी, स्नायुबंध आणि हाड असल्यामुळे जखम थेट खोलवर जाते. त्यातच घोड्याला नाकासमोरचा अगदी जवळचा भाग आणि पाठीमागचा भाग दिसत नाही, लाल-हिरव्यातील भेद कळत नाही आणि बारीक तार तर धावताना जाणवतच नाही. रानडुकरांना बुजवण्यासाठी महाराष्ट्रभर शेतांच्या कडेने जुन्या साड्या बांधण्याची जी रीत पडली आहे, ती घोडीवाल्यांच्या कामाची ठरते ती याच कारणाने, कारण पिवळी किंवा निळी साडी घोडीला लांबून दिसते. घरातील कोणाची कोणती साडी कुंपणाला गेली यावरून होणारी चर्चा मात्र वेगळ्या प्रकरणाचा विषय आहे.

कुंपणाचा सर्वांत देखणा प्रकार याच पट्ट्याच्या शेजारून सुरू होतो. बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथून शितोळे सरकारांचे दोन अश्व दरवर्षी आळंदीला येतात आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरकडे निघतात. वाटेत रिंगणाच्या ठिकाणी वारकरी गोलाकार उभे राहतात आणि त्या माणसांच्या कड्यातून अश्व दौडतात. तेथे ना तार असते ना काटा, आणि तरीही घोडा बाहेर पडत नाही. बैलगाड्याच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढत्या धावपट्टीत, परिस्थिती नेमकी उलट असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंद केलेल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिलेल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने वैध ठरवलेल्या या शर्यतीत कठडे लागतात ते घोडीसाठी किंवा बैलांसाठी नव्हे, तर पुढे पुढे सरकणाऱ्या प्रेक्षकांसाठी.

अलीकडे शेतकऱ्यांच्या झटका मशीनने घोडीवाल्यांच्या दारातही प्रवेश केला आहे. हे यंत्र तारेत सलग वीज सोडत नाही, तर साधारण सेकंदाला एकदा अत्यंत अल्पकाळ टिकणारा जास्त दाबाचा ठोका देते, त्यामुळे जनावर दचकते पण दगावत नाही. घरातील वीज थेट तारेत सोडणे मात्र प्राणघातक आहे आणि गुन्हाही आहे. घोडीला एक-दोन झटक्यांत तार ओळखू येते आणि त्यानंतर ती तिच्यापासून हातभर लांब राहते, मालक मात्र लगाम, बादली आणि मोबाइल सांभाळत रोज तिच्याखालून वाकून जातो. त्यामुळे यंत्र चालू आहे का, या चौकशीवर घोडीवाल्यांत ठरलेले उत्तर असे की घोडीला ते एकदाच कळले, मालकाला रोज कळते.