झाकणाच्या बिळातला कोळी

कोळी म्हटला की डोळ्यांपुढे येते ते आढ्याला लोंबणारे जाळे. पण उतारावरच्या मातीत राहणारा एक कोळी असे जाळे विणीतच नाही. तो बीळ खणतो, आतून रेशमाचे अस्तर लावतो आणि तोंडावर चक्क झाकण बसवतो! या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘इडिओप्स’. ते पर्टी यांनी १८३३ साली दिले. आपल्या मुंबईच्या नावाची ‘इडिओप्स बॉम्बेएन्सिस’ ही जात २००५ मध्ये नोंदली गेली.

आता हा ओळखायचा कसा? पहिली खूण झाकणाची. खेकड्याचे बीळ उघडे असते, मोठ्या केसाळ कोळ्याचेही. याचे झाकण माती नि रेशमाचे, बिजागरीही रेशमाचीच. ते जमिनीशी इतके एकरूप होते की शेजारी बसूनही दिसत नाही. रात्री कोळी झाकणाआड दबा धरून बसतो. जवळून किडा गेला, माती थरथरली, की झडप घालून त्याला आत ओढतो.

दुसरी खूण जबड्याची. टोकाशी जाड काट्यांची रांग असते. ते त्याचं दाताळं समजा. त्याने तो माती उकरतो. तिसरी खूण डोळ्यांची. तिला भिंग हवे. आठांपैकी दोन डोळे अगदी पुढे, जबड्यांच्या वर असतात आणि सहा बरेच मागे. ‘हेलिगमोमेरस’ ही भाऊबंद प्रजाती अशीच दिसते. पण तिच्या तिसऱ्या पायाच्या नळीवर खोगिरासारखा खळगा असतो, इडिओप्सला तो नसतो. नेमकी जात ठरवणे मात्र तज्ज्ञाचे काम.

यासाठी जिवंत कोळी मारू नका, बरं का! मेलेला सापडला तर तोच मुलांना भिंगातून दाखवा. याच कुळातल्या, पण दुसऱ्या प्रजातीच्या एका मादीवर पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ पासून नजर ठेवली होती. ती २०१६ मध्ये मेली, तेव्हा ४३ वर्षांची होती आणि आयुष्यभर एकाच बिळात राहिली. म्हणजे कुदळीच्या एका घावाने कित्येक वर्षांचे घर मोडू शकते. हा कोळी तुमच्या अंगावर धावून येत नाही. किडे खाऊन आपल्या बिळात राहतो. म्हणून झाकण दिसलेच, तर हात न घालता पाहा, मुलांना दाखवा आणि कुदळ थोडी बाजूला चालवा.