मोकळा निष्कास आणि टर्बोचा वाढता दाब

सारंगखेडा येथे तापीवर जे बॅरेज आहे, त्याच्या दरवाजाखालून सुटणाऱ्या पाण्याचा जोर केवळ वरच्या साठ्याच्या उंचीवर ठरत नाही. पुराच्या वेळी खालच्या अंगाची पातळीही चढते, आणि मग दोन पातळ्यांतील अंतर जेवढे कमी, तेवढा जोरही कमी. टर्बोयुक्त मोटारीच्या निष्कासनलिकेत फेरफार करणाऱ्यांच्या ध्यानात नेमकी हीच गोष्ट येत नाही.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, ती सुपरिचित आहे. एंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू टर्बाइन फिरवितो, आणि त्याच दांड्यावरील संपीडक आत येणारी हवा दाबून भरतो. टर्बाइनला मिळणारे कार्य त्याच्या अलीकडील व पलीकडील दाबांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. (पाण्याच्या बाबतीत फरक पाहावयाचा, वायूच्या बाबतीत गुणोत्तर, उपमा येथवरच ताणावी.) टर्बाइनच्या पलीकडे रुंद नळी व कमी अडथळ्याचा सायलेन्सर बसविला की पलीकडील दाब उतरतो, आणि टर्बोला हात न लावताही त्याची शक्ती वाढते.

या वाढीव शक्तीला आवर घालणारी झडप म्हणजे वेस्टगेट. भरणदाब ठरावीक मर्यादेस पोचला म्हणजे तिची स्प्रिंग दबते, झडप उघडते, व काही वायू टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. मात्र मोकळ्या निष्कासानंतर पूर्वीपेक्षा अधिक वायू वळवावा लागतो. झडपेचे भोक त्या मानाने अरुंद असल्यास ती पूर्ण उघडूनही दाब फेऱ्यांबरोबर चढतच राहतो. यास बूस्ट क्रीप म्हणतात. येथे नरम स्प्रिंग घालून काही साधत नाही, कारण झडप आधीच पूर्ण उघडी असते. इलेक्ट्रॉनिक बूस्ट नियंत्रकाचाही उपयोग नाही. सामान्य रचनेत तो स्प्रिंगच्या दाबाहून वर नेऊ शकतो, खाली आणू शकत नाही. हा नियंत्रक सुरक्षिततेचे साधन म्हणून विकत घेतला जातो, हे आश्चर्यच होय. खरा उपाय भोक रुंद करणे, मोठी स्वतंत्र झडप बसविणे, किंवा निष्कासात थोडा अडथळा पुन्हा ठेवणे हाच.

दाब थोडा वाढल्याने काय बिघडते? खानदेशी उन्हाळ्यातील ४० अंश सेल्सिअसची हवा घ्यावी व संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के मानावी. दाबगुणोत्तर १.७ असता हवा सुमारे ११३ अंशांवर जाते, ते २.० झाले की सुमारे १३८ अंशांवर. दाब जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढला, पण शीतक नसेल तर हवेची घनता वाढली जेमतेम साडेदहा टक्के. उरलेला भाग उष्णतेत गेला. पेट्रोल एंजिनात हीच उष्णता नॉकिंगला, म्हणजे उरलेल्या मिश्रणाच्या अवेळी स्फोटक ज्वलनाला, कारण होते व दट्ट्याचा माथा निकामी होतो. शिवाय दाबमापक संवेदकाची मर्यादा ओलांडली की संगणकाला जादा हवेचा पत्ताच लागत नाही, आणि मिश्रण इंधनहीनतेकडे झुकते. अतिदाब होताच इंधन तोडणारी योजना म्हणूनच कधीही निष्प्रभ करू नये.

यास्तव फेरफारानंतर पहिली चाचणी नियंत्रक बंद ठेवून, केवळ स्प्रिंगच्या दाबावर, चेसिस डायनॅमोमीटरवर घ्यावी. भार व फेरे टप्प्याटप्प्याने वाढवीत दाब, मिश्रणाचे प्रमाण व नॉकिंग यांची नोंद ठेवावी. दाब क्षणभर उसळून स्थिरावला तर दोष नियमनाचा. फेऱ्यांबरोबर सतत चढला तर दोष भोकाचा. शहादा-दोंडाईचा रस्ता ही अशा चाचणीची जागा नव्हे. दत्तजयंतीच्या सुमारास तर मुळीच नव्हे, कारण त्या दिवसांत सारंगखेड्याच्या घोडेबाजारासाठी येणारी खरीखुरी अश्वशक्ती त्याच मार्गाने चालत असते.

आजच्या बहुतेक डिझेल वाहनांत वेस्टगेटऐवजी फिरती पाती असतात. तेथे नियमनाची रीत निराळी, परंतु टर्बो अतिवेगाने फिरण्याचा धोका तोच. कायद्याची बाजूही दृष्टिआड करता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून भिन्न होईल असा फेरफार करता येत नाही. उत्प्रेरक परिवर्तक काढून निष्कास मोकळा केल्यास १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या मर्यादेत वाहन राहत नाही. तेव्हा असे प्रयोग प्रयोगशाळेतील किंवा बंदिस्त शर्यतमार्गावरील वाहनांपुरतेच समजावेत.