जोखमीची गर्भावस्था : अनेक हात, एक जबाबदारी

गर्भारपण म्हणजे आजारपण नव्हे. तथापि प्रत्येक गर्भारपण निर्वेध पार पडेल, असे गृहीत धरणेही योग्य नाही. हिमोग्लोबिन 7 ग्रॅमहून कमी असणे, रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक असणे, मधुमेह, जुळे, पूर्वी शस्त्रक्रियेने झालेली प्रसूती, यांपैकी एक बाब आढळली तरी ती गर्भावस्था जोखमीची समजली जाते.

अशा मातेची काळजी एकट्या डॉक्टरांना वाहता येत नाही. सत्तरी तालुक्यातील एखादे गाव घेऊ. गर्भवतीची नोंद आरोग्य सेविका करते. तपासणी वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात होते. गुंतागुंत दिसल्यास तिला म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात अथवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठविले जाते. प्रत्येक जण आपले काम चोख करतो. पण धोका बहुधा दोन टप्प्यांच्या मधल्या जागेत दडलेला असतो. सेविकेने टिपलेला वाढता रक्तदाब तज्ज्ञांना कळला नाही, किंवा तज्ज्ञांनी दिलेली गोळी घरी बंद झाल्याचे सेविकेला समजले नाही, तर सारे श्रम वाया जातात.

ही साखळी सर्वांत सहज तुटते ती माहेरपणात. समजा, मुलगी चोर्ला घाट ओलांडून खानापूर तालुक्यातील माहेरी गेली. राज्य बदलले, दवाखाना बदलला. मागील नोंदी सासरीच राहिल्या. ऐन वेळी नव्या डॉक्टरांना सारे प्रथमपासून शोधावे लागते.

यासाठीच माता-बाल संरक्षण कार्डाचे मोल मोठे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात, 2016 पासून, दरमहा 9 तारखेला शासकीय केंद्रांत विनामूल्य तपासणी होते व जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण चिकटविली जाते. प्रसूतीनंतर 45व्या दिवसापर्यंत अशा मातेचा पाठपुरावा करण्याची योजना 2022 मध्ये आखण्यात आली.

कुटुंबीयांनी प्रसूतीचे ठिकाण आणि वाहन आधीच निश्चित करावे. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके किंवा बाळाची मंदावलेली हालचाल जाणवताच 108 क्रमांकावर कळवावे. सकाळची वाट पाहू नये. माहेरी जाण्यापूर्वी सेविकेस पत्ता द्यावा, म्हणजे तिला तिकडच्या केंद्रास सूचना देता येईल. शिक्षक व अंगणवाडी सेविकांनी ही गोष्ट घरोघरी समजावून सांगावी.

लेकीची ओटी भरून पाठवणी करताना तिच्या हाती हे कार्डही द्यावे. तिच्या जिवाची खूणगाठ त्यात बांधलेली आहे.