लॅपटॉप घेताय? ग्राफिक्स कार्डच्या या पाच ओळी आधी वाचा

परभणी : बारावीचा निकाल लागला, सीईटीचे राऊंड सुरू झाले की घराघरांत एकच विषय निघतो, लॅपटॉप कोणता घ्यायचा? मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला असतो, मुलीला बीसीए किंवा ॲनिमेशन करायचं असतं. अब्बा दुकानात जातात. दुकानदार सांगतो, "भाई, यात चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे, सगळं चालतं." पैसे मोजले जातात आणि लॅपटॉप घरी येतो. पुढं सहा महिन्यांनी कळतं, की ज्या कामासाठी घेतला तेच काम त्यावर रखडतंय. किंवा उलट, ज्या कार्डासाठी वीस-पंचवीस हजार जादा दिले, त्याची गरजच नव्हती.

हिशोब करून बघा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे ऐंशी हजारांचा लॅपटॉप घ्यायचा तर सोळा क्विंटलपेक्षा जास्त सोयाबीन विकावं लागतं. त्यातही अडचण अशी, की लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवर कायमचं बसवलेलं असतं. रॅम आणि एसएसडी बऱ्याच मॉडेलमध्ये नंतर वाढवता येते, पण कार्ड बदलता येत नाही. चूक झाली तर ती चार-पाच वर्षं सोबत राहते. म्हणून पैसे देण्याआधी या पाच गोष्टी बघायला हव्यात.

ग्राफिक्स कार्ड करतं काय?

लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर म्हणजे आठ-दहा हुशार कारागीर. अवघड काम ते एकेक करून पटकन उरकतात. ग्राफिक्स कार्डाचं तसं नाही. कापूस वेचणीला शेतात एकाच वेळी मोठी टोळी उतरते ना, तसं ते आहे. प्रत्येकाचं काम सोपं, पण हजारो हात एकदम चालतात. पडद्यावरचे लाखो ठिपके रंगवणं, थ्रीडी चित्र तयार करणं, व्हिडिओवर इफेक्ट लावणं, एआयची गणितं करणं ही सगळी अशीच टोळीची कामं आहेत. एनव्हीडियाच्या कार्डावर या हातांना 'कुडा कोर' म्हणतात. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०५० मध्ये ते २,५६० असतात, ४०६० मध्ये ३,०७२.

पहिली ओळ : कार्ड वेगळं आहे की आतलंच?

'इंटेल यूएचडी', 'इंटेल आयरिस एक्सई' किंवा नुसतं 'एएमडी रेडिऑन ग्राफिक्स' असं लिहिलेलं असेल, तर ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच आहे. त्याला स्वतःची मेमरी नसते. लॅपटॉपच्या रॅममधूनच ते वाटा घेतं.

असं असणं वाईट नाही. मात्र इथं रॅमचं गणित बदलतं. एकच ८ जीबीची पट्टी असेल तर ग्राफिक्सला निम्माच रस्ता मिळतो. ३,२०० वेगाच्या डीडीआर४ रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते, दोन पट्ट्या असल्या की ५१.२ जीबी. आयरिस एक्सई तर एकाच पट्टीवर 'यूएचडी' म्हणूनच दिसतं. दुसरी पट्टी टाकल्याने असा लॅपटॉप बराच सुधारतो, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

'एनव्हीडिया जीफोर्स आरटीएक्स', 'एएमडी रेडिऑन आरएक्स' अशी नावं असली म्हणजे कार्ड वेगळं आहे. पुढच्या चार ओळी अशा कार्डांसाठी.

दुसरी ओळ : नावातले आकडे

आरटीएक्स ४०६० मधले पहिले दोन आकडे पिढी सांगतात, शेवटचे दोन दर्जा. ४० ही मालिका लॅपटॉपमध्ये २०२३ साली आली, ५० ची २०२५ साली. दर्जात ५० सगळ्यात खाली, मग ६०, ७०, ८०, ९० असे वर चढत जातात.

पण यात दोन खाचखळगे आहेत. एक, ३०५० हे नाव चार जीबी मेमरीच्या कार्डालाही आहे आणि सहा जीबीच्या कार्डालाही. दोन, डेस्कटॉपचं आणि लॅपटॉपचं नाव सारखं असलं तरी माल सारखा नसतो. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५,८८८ कोर आणि १२ जीबी मेमरी असते. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४,६०८ कोर आणि ८ जीबी. यूट्यूबवर डेस्कटॉपच्या कार्डाची चाचणी बघून लॅपटॉप घेणारे इथंच फसतात.

तिसरी ओळ : व्हीरॅम किती?

कार्डाच्या स्वतःच्या मेमरीला व्हीरॅम म्हणतात. काम जेवढं मोठं, तेवढी ती जास्त लागते. ती भरली की माहिती लॅपटॉपच्या साध्या रॅममध्ये जाते आणि काम एकदम मंदावतं, कधी प्रोग्रामच बंद पडतो.

एआयचं उदाहरण घ्या. सात अब्ज पॅरामीटरचं भाषा मॉडेल १६ बिटमध्ये चालवायला साधारण १४ जीबी मेमरी लागते. तेच ४ बिटमध्ये आटवलं तर चार जीबीच्या आसपास. म्हणजे सहा जीबीच्या कार्डावर ते आटवलेलं मॉडेल चालेल, मूळ मॉडेल आठ जीबीच्या कार्डावरही मावणार नाही.

इथं एक फसवणूक ओळखून ठेवा. जाहिरातीत कधी 'एकूण १२ जीबी ग्राफिक्स' असं लिहिलेलं असतं. त्यात कार्डाचे स्वतःचे फक्त चार असतात आणि विंडोजने रॅममधून उसने देऊ केलेले आठ. आपल्याला 'डेडिकेटेड' म्हणजे स्वतःची मेमरी किती, एवढंच विचारायचं.

चौथी ओळ : मेमरीचा रस्ता किती रुंद?

व्हीरॅम किती आहे यासोबत ती किती वेगाने भरते-रिकामी होते हेही बघावं लागतं. हौद मोठा पण पाईप दोन इंची, तर उपयोग काय? या पाईपची रुंदी 'बिट'मध्ये सांगतात.

आरटीएक्स २०५० ला ६४ बिटचा रस्ता आहे, सेकंदाला साधारण ११२ जीबी. लॅपटॉपच्या ४०५० ला ९६ बिट, १९२ जीबी. ४०६० ला १२८ बिट, २५६ जीबी. म्हणून २०५० आणि ३०५० दोन्ही चार जीबीचे असले तरी चालीत फरक पडतो. 'चार जीबीचं कार्ड' एवढं ऐकून निर्णय घेऊ नका, तो यासाठीच.

पाचवी ओळ : वॅट, सगळ्यात जास्त लपवली जाणारी

गावाकडं सगळ्यांना ठाऊक आहे, मोटार पाच हॉर्सपॉवरची असली तरी व्होल्टेज कमी असेल तर ती पाणी ओढत नाही. ग्राफिक्स कार्डाचंही तेच. लॅपटॉप कंपनी त्या कार्डाला किती वीज द्यायची हे ठरवते. या आकड्याला टीजीपी किंवा 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' म्हणतात.

एनव्हीडियाच्या कागदावर लॅपटॉपच्या ४०५०, ४०६० आणि ४०७० तिघांनाही ३५ ते ११५ वॅट अशी मुभा आहे. म्हणजे एक कंपनी पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये ४०६० बसवून त्याला ४५ वॅट देईल, दुसरी जाड लॅपटॉपमध्ये त्याच ४०६० ला ११५ वॅट देईल. स्टिकर दोन्हीवर एकच असतो. पूर्ण विजेवर चालणारं ४०५० अशा उपाशी ४०६० ला सहज गाठतं.

२०१७ पासून कमी विजेच्या कार्डापुढं 'मॅक्स-क्यू' असं लिहिलं जायचं. ग्राहकाला निदान खूण कळायची. २०२१ मध्ये ३० ची मालिका आली आणि नावातली ती खूण गेली. त्यावर ओरड झाली, तेव्हा एनव्हीडियाने लॅपटॉप कंपन्यांना वॅटचा आकडा उत्पादनाच्या माहितीत द्यायला सांगितलं. तो आकडा बहुतेक वेळा कंपनीच्या वेबसाईटवर बारीक अक्षरांत सापडतो. दुकानातल्या पाटीवर क्वचितच.

कधी '१४० वॅट' असं दिसेल. त्यात '२५ वॅट डायनॅमिक बूस्ट' धरलेले असतात, म्हणजे प्रोसेसरला गरज नसेल तेव्हा त्याच्या वाट्यातून उसने घेतलेले. कायमचे ११५ समजा.

परभणीचा उन्हाळा आणि वीज

जास्त वॅट म्हणजे जास्त उष्णता. कार्ड ८५-८७ अंशांच्या आसपास तापलं की ते आपला वेग स्वतःच कमी करतं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या पुढं जातो. पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवलेला लॅपटॉप पूर्ण वेग देऊच शकत नाही. टेबलावर ठेवा, मागून थोडा उचलून ठेवा आणि वर्षातून एकदा पंख्यातली धूळ काढून घ्या.

वीज गेली तर? लॅपटॉपची बॅटरी ६० वॅट-तासांची धरली आणि काम १२० वॅटचं असलं, तर ती अर्ध्या तासात संपेल. म्हणून बॅटरीवर असताना लॅपटॉप कार्डाची वीज मुद्दाम कमी करतो. जड काम चार्जर लावूनच होतं. अशा लॅपटॉपचा चार्जर १८० ते २४० वॅटचा असतो, घरच्या इन्व्हर्टरवर तेवढा भार धरून चला.

कुणाला कोणतं पुरेल?

बीए, बीकॉम, बीएड, फार्मसी, टॅली, ऑनलाईन क्लास, वेब डिझाईन आणि साधं कोडिंग यासाठी वेगळं कार्ड लागत नाही. ते पैसे १६ जीबी रॅम आणि चांगल्या एसएसडीत घाला.

सिव्हिल, मेकॅनिकलच्या डिप्लोमा-डिग्रीला ऑटोकॅडची टूडी ड्रॉइंग आतल्या ग्राफिक्सवर चालतात. थ्रीडी मॉडेलिंग करायचं असेल तर चार ते सहा जीबीचं कार्ड बरं, पण तिथंही प्रोसेसर आणि रॅमला जास्त महत्त्व आहे.

लग्नाचे फोरके व्हिडिओ एडिट करणारे, ब्लेंडरवर ॲनिमेशन करणारे, एआय शिकणारे यांनी सहाच्या खाली जाऊ नये, जमलं तर आठ जीबी घ्यावं. ब्लेंडरसारख्या कामाला एनव्हीडियाचं कार्ड जास्त सोयीचं पडतं. ड्रोनने काढलेले शेतीचे फोटो जोडून नकाशे करायचे असतील तरी हेच लागू. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनांवर डिजिटल शेतीचा प्रकल्प झाला आहे. या वाटेनं जाणारी आपली मुलं-मुली पुढं वाढणारच आहेत.

एआय नुकतंच शिकायला घेतलं असेल तर घाई करू नका. गूगल कोलॅबवर उपलब्धतेनुसार १६ जीबी मेमरीचं टी-४ कार्ड मोफत वापरायला मिळतं. पहिलं वर्ष त्यावर निघतं, मग गरज ओळखून लॅपटॉप घ्या.

दुकानात तपासायचं कसं?

लॅपटॉप चालू करायला सांगा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. 'परफॉर्मन्स'मध्ये जीपीयूवर क्लिक केलं की कार्डाचं नाव आणि 'डेडिकेटेड' मेमरी दिसते. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर एनव्हीडिया कंट्रोल पॅनल उघडून 'सिस्टीम इन्फर्मेशन' बघा. कुडा कोर, मेमरीचे बिट आणि कमाल वॅट, सगळं तिथं एका जागी लिहिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे.

जुना लॅपटॉप घेताना हे जास्तच गरजेचं. जीटीएक्स १० मालिकेच्या कार्डांना एनव्हीडियाचे नियमित नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर मिळत नाहीत. स्वस्त मिळतंय म्हणून ते आज घेण्यात अर्थ नाही.

बिल जीएसटीचं, पक्कं घ्या. त्यावर नुसतं कंपनीचं नाव नको, पूर्ण मॉडेल नंबर हवा. एकाच नावाच्या लॅपटॉपचे अनेक प्रकार असतात, शेवटच्या दोन-चार अक्षरांत कार्ड बदलतं. जमलं तर कार्डाचं नाव आणि व्हीरॅमही बिलावर लिहून घ्या. सांगितलं एक आणि दिलं दुसरं असं झालं, तर हाच कागद कामी येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथं फी लागत नाही.

दुकानदाराला पाच प्रश्न विचारा : कार्ड वेगळं की आतलं, नाव काय, स्वतःची मेमरी किती, किती बिट, किती वॅट. पाचव्याचं उत्तर "सगळे सारखेच असतात" असं आलं, तर मॉडेल नंबर लिहून घ्या, घरी या, कंपनीच्या वेबसाईटवर बघा. लॅपटॉप उद्याही मिळेल.