तर्क आणि नीती (भाग ७) : थंड देशात स्नान कसे करणार?

माघातल्या पहाटे काशीच्या शिंदे घाटावर माणसे कुडकुडत गंगेत बुडी मारतात. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधवलेला हा घाट. त्याच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे मंदिर कललेले उभे आहे. घाट बांधला जाण्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी अशाच स्नानावरून एका फ्रेंच वैद्याने ब्राह्मणांना पेच घातला होता. नित्यस्नानाचा नियम देवाने दिला म्हणता, मग कडाक्याच्या थंडीच्या देशात हिवाळ्यात तो कसा पाळायचा? पाळता येत नसेल, तर तो माणसांनीच रचलेला.

हा फ्रांस्वा बर्निए. तर्क, सृष्टी आणि नीती अशा तीन भागांत आपले तत्त्वज्ञान मांडणाऱ्या गासेंदीचा तो शिष्य. १६५५ मध्ये गुरूच्या मृत्यूपर्यंत त्याच्याजवळ राहिलेला. पुढे औरंगजेबाचा उमराव दानिशमंद खान याच्या पदरी राहून त्याने गासेंदी आणि देकार्त यांचे विचार फारसीत उतरवले. खानाकडे त्याला एका मोठ्या पंडिताचा सहवास लाभला. हे पंडित म्हणजे गोदातीरावरून काशीत आलेले संन्यासी कवींद्राचार्य सरस्वती, असे पुण्याचे संशोधक प. कृ. गोडे यांनी मांडले. काशी-प्रयागचा यात्राकर शाहजहानकडून माफ करवून घेणारे ते हेच.

स्नानाच्या पेचाला ब्राह्मणांनी दिलेले उत्तर बर्निएने पत्रात नोंदवले आहे. त्याला ते मजेशीर वाटले. मला ते फार मोलाचे वाटते. आमचा धर्म साऱ्या जगासाठी आहे असे आम्ही म्हणतच नाही, तो देवाने आमच्यापुरता दिला आहे, असे ते म्हणाले. म्हणूनच परक्याला आम्ही त्यात घेत नाही. तुमचा धर्म खोटा असेही आम्ही म्हणत नाही. तुमच्यासाठी तो चांगला असेल, स्वर्गाच्या वाटा अनेक असू शकतात.

बर्निएच्या पेचात एक गृहीत दडलेले होते: खरा नियम सर्वांना सारखाच लागू पडला पाहिजे. ब्राह्मणांनी त्या गृहीतालाच हात घातला. ही पळवाट नव्हती. पैठणच्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये काशीत ‘निर्णयसिंधु’ पुरा केला, त्या परंपरेत देश, काल आणि अधिकार पाहूनच निर्णय दिला जातो. आणि गंमत अशी, की खुद्द देकार्तने १६३७ मध्ये ज्ञानाची इमारत नव्याने उभारेपर्यंत स्वतःसाठी जी तात्पुरती नीती ठरवली, तिचा पहिला नियमच आपल्या देशाचे कायदे आणि रीतिरिवाज पाळावेत असा होता. देशाचार इथेही आहेच! फरक इतकाच की देकार्तला तो मुक्कामापुरता हवा होता आणि पंडितांना कायमचा.

पण पंडितांच्या उत्तराची दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. परक्याला त्याच्या वाटेने जाऊ देणारा हाच अधिकारभेद घाटावरच्या शेजाऱ्याला वेद ऐकू देत नव्हता. तिथे बर्निएचा ‘सर्वांना सारखा’ हा आग्रह उपयोगी पडतो, त्याचे उदाहरण कितीही तोकडे असो. दूरच्याविषयी उदार आणि जवळच्याविषयी कठोर असलेल्या नीतीला प्रश्न विचारायचा, तर काही गोष्टी सर्व माणसांसाठी एकच आहेत असे कुठेतरी म्हणावेच लागते. त्या कोणत्या, हे भूमितीसारखे सिद्ध करू पाहणारा स्पिनोझाचा ग्रंथ १६७७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे वळू.