गोठा तोच राहतो का?

मागच्या व्याख्यानात आपण 'द्रव्य' या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज ती कल्पना गोठ्यात नेऊन बांधू. हसू नका, उदाहरण घरचंच आहे.

कोकणातल्या आमच्या घरामागे गोठा आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, खांब ऐनाचे, वर मंगळुरी कौलं. गुरं जाऊन वीसेक वर्षं झाली. हिस्सेदार आम्ही सातजण चुलत भावंडं. पाचजणांना तिथे गावातल्या मुलांसाठी अभ्यासिका हवी आहे. दोघं म्हणतात, पाडा आणि स्लॅब टाका. त्या दोघांतल्या माझ्या बहिणीचा मुद्दा असा, की "दादा, खांब बदलणार, भिंती नव्या करणार, गुरं नाहीतच. मग आबांचा गोठा उरला कुठे? उगाच कशाला खर्च?"

हा प्रश्न जुना आहे. प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली. अथेन्सवाले कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत, तेव्हा जहाज तेच का, यावर तत्त्वज्ञ भांडत. हॉब्जने 1655 मध्ये त्यात पाचर मारली : काढलेल्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच जहाज जोडलं, तर खरं कुठलं? आपले नैयायिक तर आणखी कडक. त्यांच्या मते अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होतो, नवा उत्पन्न होतो. म्हणजे एक वासा बदलला, गोठा नवा! मग आपण 'तोच' का म्हणतो? कालचंच औषध आज घेतलं म्हणतो, तसं. कालची मात्रा तर पोटात गेली. आजची फक्त त्याच जातीची.

आता प्रत्यक्ष गोठ्याकडे या. खांब सबंध कुजत नाही. तळखड्यालगतची, ओल धरणारी हात-दीड हात बाजू जाते. चांगला सुतार तेवढीच कापतो आणि तिरका सांधा घेऊन मुरलेलं लाकूड जोडतो. भिंतीचं दुखणं निराळं. वर्षानुवर्षं गोमूत्र मुरून चिऱ्याला लोणा लागतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि क्षारांनी पापुद्रे सुटतात. आधी लोणा कोरडा झाडून काढायचा, मग चुन्याचा गिलावा. चुना श्वास घेऊ देतो, आणि झिजला तर चिऱ्याऐवजी तो झिजतो. जमिनीला मोरीकडे उतार असतो. बाकं ठेवायची तर तेवढा भाग भरून घ्यावा लागेल. गव्हाण मात्र काढू नये असं माझं मत. पुस्तकांना अगदी योग्य उंचीवर आहे ती!

म्हणजे बदलायचं लाकूड थोडंच. बहिणीचं खरं बोट आहे ते गुरं नसण्यावर, आणि तिथे ॲरिस्टॉटल तिच्या बाजूने उभा राहतो. न दिसणारा डोळा हा नावापुरताच डोळा, असं तो म्हणतो. वस्तूचं प्रयोजन गेलं की वस्तू गेली. पण हे मान्य केलं तर गोठा शेवटची म्हैस विकली त्याच दिवशी संपला. आज अभ्यासिका केल्याने तो संपत नाही, आणि स्लॅब टाकून वाचतही नाही. तिचं दुःख खरं आहे, फक्त ते वीस वर्षं जुनं आहे.

आणि नैयायिकांच्या हिशेबाला कोकणी माणसाचं उत्तर आहे शाकारणी. दर पावसाळ्याआधी आबा कौलं उतरवत, फुटकी बदलत, कुजक्या रिपा काढत. त्या घरात मी लहानाचा मोठा झालो. 'आता हे घर कुणाचं?' असं मे महिन्यात कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

सामायिक मालमत्ता आहे, सगळ्यांच्या संमतीशिवाय मी खांबाला हात लावणार नाही. शाकारणीला मात्र बहिणीने होकार दिलाय, निम्मा खर्चही देते म्हणाली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कौलं उतरवतोय.